एक आई, दोन लेकी : नगरची मंडळी, सातारा आणि सांगली

साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये निवर्तले, दत्तक वारस नामंजूर झाला आणि डलहौसीने राज्य खालसा केले, हे शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. त्याच्या पुढच्याच वर्षीची एक लहान घटना मात्र त्या पुस्तकांत येत नाही. १८४९ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने साताऱ्यात आपले ठाणे उघडले. या ठाण्याला बळ मिळाले ते नगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून. तेथे ख्रिस्ती मंडळी स्थापन होऊन तोवर सोळा वर्षे झाली होती. पुढे सांगलीपर्यंत जी ख्रिस्ती वस्ती पोहोचली, तिचे मूळही शोधत गेल्यास नगरपाशीच जाऊन थांबते. वाट मात्र वेगळी, आणि ती एका भांडणातून गेलेली.

आधी शब्दाविषयी थोडे. ‘चर्च’ म्हटले की मनोरा, घंटा आणि रंगीत काचा डोळ्यांसमोर येतात. मराठी ख्रिस्ती बोलीत मात्र दोन निराळे शब्द आहेत. इमारत ती उपासनामंदिर किंवा देऊळ, आणि माणसे ती ‘मंडळी’. घरची मंडळी, दिंडीतली मंडळी, तशीच ही ख्रिस्ती मंडळी. तिची नोंदवही असते, तिचा पाळक असतो, तिचे वडील किंवा सेवक निवडलेले असतात. इमारत नसली तरी मंडळी असू शकते. नोंदवहीत नावे नसतील तर इमारत कितीही भव्य असो, मंडळी नसते. हा फरक ध्यानात ठेवला म्हणजे पुढची हकिकत नीट उलगडते, कारण येथे प्रश्न विटा-चुन्याचा नाही. जुनी मंडळी नवी मंडळी कशी उभी करते, आणि उभी केल्यावर तिचा हात कधी सोडते, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकन मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ मध्ये मुंबईत उतरले. घाटावर पाय रोवायला आणखी अठरा वर्षे जावी लागली. १८३१ मध्ये अॅलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हार्वी नगरला आले, आणि १८३३ मध्ये तेथे मंडळीची रीतसर स्थापना झाली. आरंभी तिची सभासदसंख्या अगदी मोजकी होती. ग्रेव्हज यांची प्रकृती नगरला टिकली नाही. सर जॉन माल्कम यांनी वसवलेल्या महाबळेश्वरच्या माल्कम पेठेत ते राहू लागले आणि १८४३ च्या अखेरीस तेथेच वारले. त्यांच्या पत्नी मात्र पुढेही अनेक वर्षे महाबळेश्वरी राहिल्या. सातारा जिल्ह्याशी या मिशनचा पहिला सलग संबंध आला तो असा, एका आजारी माणसाच्या बिऱ्हाडामुळे.

नगरच्या मंडळीची ताकद तिच्या शाळांत होती. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाईंनी तेथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते याच फॅरारबाईंकडे. फुल्यांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, दोन्ही सातारा जिल्ह्यातली. सातारा आणि नगर यांच्यातली ये-जा केवळ मिशनपुरती नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

‘मंडळी स्थापन झाली’ या एका वाक्यामागे कितीतरी गोष्टी असतात. अमेरिकन मराठी मिशन ज्या परंपरेतले होते ती काँग्रिगेशनल परंपरा. तिचे मूळ तत्त्व साधे आहे. प्रत्येक स्थानिक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. तिच्यावर बिशप नाही. मग नवी मंडळी जन्मते कशी? दूरच्या गावी राहणारे काही सभासद जुन्या मंडळीकडून पत्र घेतात. त्या पत्राने त्यांची नावे जुन्या वहीतून निघतात. शेजारच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी जमतात, येणाऱ्यांच्या विश्वासाची विचारपूस करतात. मग श्रद्धेची कलमे आणि करार वाचला जातो, सर्वांनी उभे राहून त्यास संमती द्यायची, सेवक निवडायचे आणि पहिले प्रभुभोजन एकत्र घ्यायचे. एवढे झाले की नवी मंडळी जन्मास आली. तिची वही त्या दिवसापासून तिची स्वतःची.

वाचताना हे सोपे वाटते. जुन्या मंडळीच्या बाजूने पाहिले तर ते तितके सोपे नाही. ज्यांना वाचता येते, जे गाऊ शकतात, जे वर्गणी देतात, त्यांतलेच काहीजण पत्र घेऊन निघून जातात, आणि लहान मंडळीला प्रत्येक नावाची उणीव भासते. लेकीला सासरी पाठवताना घरातली भांडी द्यावी लागतात, तसा हा प्रकार.

आणि प्रभुभोजनाच्या एकाच पेल्यात त्या काळचा सारा पेच भरलेला होता. नगरच्या मंडळीत हरिपंत खिस्ती यांच्यासारखे ब्राह्मण कुळातून आलेले लोक होते, आणि खेड्यांतून येणारे बहुतेक सभासद महार समाजाचे होते. एका पंगतीला बसणे, एका पेल्यातून पिणे, हे त्या काळी घरादाराला मुकण्यासारखे होते. बाप्तिस्मा घेणाऱ्याला वडिलोपार्जित मालमत्तेचा हक्क गमवावा लागू नये म्हणून १८५० चा २१ वा कायदा आला. पण कायदा कोर्टात चालतो, गावच्या विहिरीवर चालत नाही. बलुत्यावर गदा येईल, गावकीतून उठवले जाईल ही धास्ती होतीच. अशा माणसांची नवी मंडळी म्हणजे रविवारी एकत्र येऊन गाणी म्हणणारा गट एवढाच तिचा अर्थ नव्हता. लग्नाला माणसे कोठून आणायची, प्रेताला खांदा कोण देणार, याचे उत्तर तिला द्यावे लागे.

१८५४ च्या अखेरीस नगरला दोन पाहुणे आले. बोस्टनच्या मूळ संस्थेचे सचिव रुफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्पसन. अँडरसन यांचे नाव मिशनच्या जागतिक इतिहासात एका सूत्राशी जोडलेले आहे. इंग्लंडचे हेन्री व्हेन यांनीही त्याच सुमारास ते मांडले. नव्या मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा, आणि आपला प्रसार आपण करावा, असे हे सूत्र. म्हणजे मिशनरी हा बांधकामाच्या परातीसारखा. स्लॅब घट्ट झाला की परात आणि फळ्या काढून न्यायच्या. हा दाखला आजचा आहे, पण अर्थ तोच.

या भेटीच्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. नगरच्या मंडळीचे दोन भाग झाले. पहिली मंडळी हरिपंतांच्या हाती आली, दुसरी रामकृष्णपंतांच्या. अमेरिकन माणसाच्या हाती असलेली वही मराठी माणसाच्या हाती गेली. १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या हरिपंतांना या क्षणापर्यंत येण्यास पंधरा वर्षे लागली होती. मिशनच्या अहवालांत अशा प्रसंगांना चार ओळी मिळतात. साम्राज्याच्या ऐन भरात, कंपनी सरकारच्या एका जिल्ह्याच्या गावी, एतद्देशीय माणसे आपला पाळक मानतात आणि परदेशी माणूस बाजूला बसतो, हे दृश्य त्या चार ओळींत मावत नाही.

पण अँडरसन यांच्या सूत्राची दुसरी बाजूही होती. खर्च कमी करायचा, लक्ष खेड्यांतील मंडळ्यांवर ठेवायचे, तर शाळांचे काय? विशेषतः इंग्रजी शाळांचे? त्या आवराव्यात असे ठरले. मुंबई आणि नगर येथील इंग्रजी शाळा बंद झाल्या. ज्या शाळांनी नगरच्या मंडळीला नाव दिले होते, त्यांच्याच भवितव्यावर प्रश्नचिन्ह लागले. पुढचे भांडण येथून सुरू होते.

तत्पूर्वी साताऱ्याकडे वळू. १८४९ नंतर विल्यम वुड आणि १८५१ पासून एबेनेझर बर्जेस हे मिशनरी तेथे राहिले. बर्जेस यांचे नाव आज खगोलशास्त्राच्या इतिहासात घेतले जाते, धर्मप्रसाराच्या नव्हे. मराठी शाळांसाठी खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करावे म्हणून ते भारतीय ज्योतिषग्रंथांकडे वळले, आणि त्यातून ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर घडले. ते १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात आले, विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्या साहाय्याने.

साताऱ्याची मंडळी १८५० च्या दशकात आकाराला आली, ती अत्यंत अवघड जागी. राज्य नुकतेच गेलेले, रंगो बापूजी लंडनहून हात हलवत परतलेले, गावात राग धुमसत होता. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शिक्षा झाली. राज्यकर्त्यांचा धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांत फरक करून दाखवणे अशा शहरात किती कठीण गेले असेल, याची कल्पना करता येते. नगरला मंडळी वाढली ती आसपासच्या खेड्यांतून गटागटाने. साताऱ्यात तसे झाले नाही. तेथे मंडळी दीर्घकाळ लहानच राहिली. शाळा, छपाई आणि पुढे दुष्काळातल्या अनाथ मुलांचा सांभाळ या कामांभोवती ती जगली. हेन्री ब्रूस यांनी साताऱ्यात छापखाना चालवला, त्याचे नाव कोलंबियन प्रेस. वाईला पुढे दवाखाना उभा राहिला. एकूण काय, साताऱ्याच्या लेकीला सासर कठीण मिळाले आणि माहेरच्या आधाराची गरज तिला फार काळ लागली.

आता ते भांडण. रॉयल गोल्ड वाइल्डर हे १८४६ पासून नगरला शाळांचे काम पाहत होते. १८५२ च्या डिसेंबरात ते कोल्हापूरला गेले. संस्थानी राजधानीत त्यांचे स्वागत थंडच होते. त्यांना शहरातून घालवून द्यावे अशी मागणीही झाली. वाइल्डर यांची भिस्त शाळांवर. शाळा आधी, मंडळी तिच्यातून उगवेल, हा त्यांचा विश्वास. अँडरसन यांचे मत नेमके उलट. वाद विकोपाला गेला, बोस्टनने कोल्हापूरचे ठाणे सोडून दिले. वाइल्डर यांनी १८६१ मध्ये मिशनच्या शाळांच्या बाजूने एक सबंध पुस्तकच छापले, आणि स्वतःच्या जबाबदारीवर ते कोल्हापूरला परतले. सुमारे दहा वर्षे हे काम कोणत्याही मोठ्या संस्थेच्या आधारावाचून चालले. १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळाने ते आपल्याकडे घेतले.

या वादात कोण बरोबर होते? अँडरसन यांचे तत्त्व आज वाचताना अधिक आधुनिक वाटते, कारण त्यात परक्याच्या निघून जाण्याची तरतूद आहे. तरीही एक गोष्ट खटकते. मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहावे असे सांगणाऱ्यांनी, तिच्या शाळा ठेवाव्यात की बंद कराव्यात हे मात्र तिला विचारून ठरवले नाही. ते बोस्टनहून आलेल्या पाहुण्यांच्या भेटीत ठरले. वाइल्डर हट्टी होते, पण शाळा गेल्यावर खेड्यातल्या नव्या ख्रिस्ती मुलाला पुढे जायला दुसरी वाट कोणती, हा त्यांचा प्रश्न निरुत्तर करणारा होता.

कोल्हापूरहून हे काम पूर्वेकडे सरकले आणि १८८४ मध्ये सांगली हे ठाणे झाले. सांगली म्हणजे पटवर्धनांचे संस्थान, कृष्णाकाठचे. येथे रीत बदलते. प्रेसबिटेरियन व्यवस्थेत मंडळी एकटी नसते. तिचे निवडलेले वडील असतात, आणि आसपासच्या मंडळ्यांचे पाळक व वडील मिळून प्रेसबिटरी नावाची सभा बनते. नव्या मंडळीला मान्यता ही सभा देते, पाळकाची दीक्षाही तीच करते. साताऱ्याच्या रीतीत जुनी मंडळी आईसारखी. सांगलीच्या रीतीत निर्णय भावकीच्या बैठकीत. पहिल्या रीतीत स्वातंत्र्य जास्त, दुसरीत पाठीशी उभे राहणारे जास्त. लहान, गरीब, विखुरलेल्या मंडळ्यांना दुसरी रीत बहुधा अधिक मानवली असावी.

सांगलीचा हात मिरजेला कसा लागला ती गोष्ट इतिहासप्रेमींना ठाऊक असेल. डॉ. विल्यम वान्लेस १८८९ मध्ये सांगलीला आले आणि तेथे त्यांनी लहानसा दवाखाना सुरू केला. परंतु रेल्वे मिरजेवरून जात होती. १८९२ मध्ये काम मिरजेला हलले, १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. आज मिरज हे रुग्णांचे गाव म्हणून ओळखले जाते, त्याची सुरुवात अशी आहे. या रुग्णालयाभोवती जी मंडळी जमली तिचा घाट वेगळा होता. परिचारिका, कंपाउंडर, विद्यार्थी, दूरदूरच्या गावांतून आलेली माणसे. गावकीने जोडलेली नव्हे, तर कामाने जोडलेली ही मंडळी.

सर्वत्र एक प्रश्न मात्र तोच राहिला : पाळकाचा पगार कोण देणार? ठरलेली रीत अशी की मंडळीने जमेल तेवढा वाटा उचलायचा, उरलेला मिशनने द्यायचा, आणि मिशनचा वाटा कमी कमी होत जावा. खेड्यातल्या माणसापाशी रोकड नव्हती. म्हणून महाराष्ट्रातील अनेक ग्रामीण मंडळ्यांत स्त्रिया भाकरीसाठी पीठ दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. सुगीला पहिले कणीस, कोंबडीचे अंडे, शेळीचे करडू देवापुढे येई आणि तेथेच त्याचा लिलाव होई. स्वावलंबनाचा सिद्धान्त बोस्टनमध्ये लिहिला गेला, पण तो पेलला जात्यावर बसलेल्या बायकांनी. त्यांची नावे फारशी कोठे नोंदलेली नाहीत.

आणि मग दुष्काळ आले. १८७६ ते १८७८ चा, १८९६-९७ चा, पुन्हा १८९९-१९०० चा. उपाशी माणसे मिशनच्या दारी आली, अनाथ मुले शेकड्यांनी आली. कोणत्याही माणसाने जे करावे तेच मिशनने केले. अन्न दिले, आसरा दिला. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की स्वतःच्या पायावर उभी राहू पाहणारी मंडळी पुन्हा परदेशी देणगीच्या ओंजळीने पाणी पिऊ लागली. अँडरसन यांचे सूत्र हरले असेल तर ते वादात नव्हे, या तीन दुष्काळांत हरले.

नारायण वामन टिळक हे नगरच्या मंडळीचे सर्वांत नामांकित अपत्य. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, १९०४ मध्ये पाळकाची दीक्षा, ‘ज्ञानोदया’तील लेखन. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम आणि वेतन सोडले आणि नगर सोडून ते साताऱ्याला गेले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तेथे जागा होती. मंडळीची वही आणि समाजाची हद्द या दोहोंना ओलांडून जाणारी ही कल्पना होती. परक्याच्या पगारावर उभा असलेला पाळक मराठी मनाशी मोकळेपणाने बोलू शकत नाही, ही त्यांची व्यथा तिच्या मुळाशी होती. जुन्या मंडळीने साताऱ्यात नवी मंडळी उभारली होती. जवळजवळ सत्तर वर्षांनी तिचाच एक पाळक त्याच गावी येऊन अगदी वेगळ्या तऱ्हेची मंडळी उभारू पाहत होता.

दरबाराला आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. टिळकांमागे दरबार मात्र उभा राहू शकला नाही. त्याची ना वही होती, ना सेवक निवडलेले, ना खर्चाची सोय. एका माणसाच्या तेजावर तो उभा होता. ज्या कारकुनी व्यवस्थेला टिळक कंटाळले होते, तीच व्यवस्था मंडळ्यांना माणसे गेल्यावरही टिकवून धरते, हे येथे मान्य करावे लागते. तरी त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. त्यांची भजने त्यानंतर महाराष्ट्रभरच्या मंडळ्यांत गायिली गेली, साताऱ्यातही आणि सांगलीतही.

दोन लेकींची पुन्हा भेट झाली ती १९२४ मध्ये. त्या वर्षी पश्चिम भारतातील काँग्रिगेशनल मंडळ्या आणि प्रेसबिटेरियन मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया ही संघटना झाली. वाइल्डर आणि अँडरसन यांना जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांच्या वादातून वेगळे झालेले दोन प्रवाह एका नावाखाली आले.

नकाशावर मात्र याच प्रदेशात पुढे नवी रेघ पडली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेली संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ही रेघ दोन मिशनांच्या जुन्या वाटणीपासून फार दूर नाही. इस्लामपूर सरकारदरबारी साताऱ्याच्या कलेक्टराखाली होते तेव्हाही, मंडळीच्या हिशेबात ते कोल्हापूर-सांगलीकडचेच होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा युनायटेड चर्च त्यात विलीन झाले. काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन हे शब्द त्यानंतर जुन्या वह्यांच्या मुखपृष्ठांवर उरले. त्या वह्यांतली आडनावे अजून रविवारच्या हजेरीत ऐकू येतात.